लाकूड धरणारा आठवा गडी

हवालदाराने शिट्टी फुंकली तेव्हा गांधार लोणी लावून थालीपीठ खात होता, आणि आयुष्यात कधी नव्हता इतका धडधाकट दिसत होता.

"गांधार! रक्त थांबत नाही! गांधार! रक्त थांबत नाही!" असं ओरडत हवालदार स्वयंपाकघरात शिरला, उंबऱ्याला अडखळला आणि अडखळूनही ओरडत राहिला.

मग नेहमीचं सगळं झालं. आईने तवा खाली उतरवला. आबा हातातली कानस हातातच घेऊन पुढच्या खोलीतून धावत आले. दोघांनी मिळून गांधारला पाटावरून उचललं, उजेडात नेलं, कोपरं पाहिली, गुडघे पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली.

"माझ्या थालीपिठाला लागलंय का ते बघा," गांधार म्हणाला. "त्याचाच एक तुकडा पडलाय."

गांधारला काहीही लागलेलं नव्हतं. त्या आठवड्यात हे असं तिसऱ्यांदा झालं होतं.

हवालदार म्हणजे माणूस नव्हे. दवाखान्याने गांधारसाठी दिलेला तो यंत्रमानव होता. स्टुलाएवढी उंची, चार चाकं, एक लांब हात आणि हवेतला ताज्या रक्ताचा वास ओळखणारं नाक. साधं खरचटलं तर तो गप्प राही. पण थांबायला हवं तेवढ्या वेळात रक्त थांबलं नाही, की शिट्टी! दवाखान्याने त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. 'हवालदार' हे नाव आसावरीचं, कारण तो शिट्टी आधी फुंकायचा आणि चौकशी मागाहून करायचा. तुमच्या घरी असा यंत्रमानव अजून आला नसेल, तर हरकत नाही. मिरजेतसुद्धा तो नवीनच होता.

आसावरी ही गांधारची मोठी बहीण. ती अकरा वर्षांची, तो आठ. गांधारला जन्मापासून हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) होता. त्यामुळे आईने घरातल्या प्रत्येक टोकदार वस्तूला कापसाचं टोपडं शिवलं होतं. टेबलाच्या कोपऱ्यांना टोपडी, खिडकीच्या कडीला टोपडं, कॅलेंडरच्या खिळ्यालासुद्धा टोपडं. नवीन पाहुणे घरात शिरले, की आधी कौतुकाने विचारत, "बाळ कुठंय?"

टोपडी नव्हती ती फक्त पुढच्या खोलीत. तो आबांचा, म्हणजे आजोबांचा, कारखाना. आबा तंबोरे बनवत. तिथल्या पटाश्या, करवती, कानशी टोकदार असणं हाच त्यांचा गुण. म्हणून गांधारला कारखान्याच्या आत यायला मनाई होती. तो दारात बसून नुसता बघायचा, आणि हवालदार त्याच्या शेजारी उभा राहून त्याच्याकडे बघायचा.

पटाशी मिळाली ती आसावरीला.

"ही माझी लोखंडी पोर," आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "ही पडली की फरशीला लागतं!"

आसावरीला हे ऐकायला फार आवडे. आणि नेमकी त्याचमुळे ती आत्ता मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीआड, डावा अंगठा मुठीत आवळून उभी होती.

हवालदार का ओरडतो, हे कोडं आईला पडलं होतं, आबांना पडलं होतं, खुद्द हवालदारालाही पडलं असावं. आसावरीला मात्र ते पडलं नव्हतं. रक्त तिचं होतं.

जखम तांदळाच्या दाण्याएवढी. खुंटीचं भोक साफ करताना पटाशी निसटली होती, बस. पण सकाळी झालेली ती जखम दुपार झाली तरी ओलीच होती. मागच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं. आसावरीला पडलेलं कोडं वेगळं होतं: एवढीशी जखम, आणि ती थांबत का नाही?

पण विचारणार कुणाला? या घरात दूध आणणं आबांचं काम, हिशेब आईचं काम आणि रक्त येणं गांधारचं. त्यात तिने लुडबुड केली असती तर एका गोष्टीची तिला खात्री होती. पटाशी जाणार. आणि येत्या रविवारी तर आबा तिला जवारी शिकवणार होते. जवारी म्हणजे तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा कणाकणाने घासणं. ते जमलं तर तार गुणगुणते, नाही जमलं तर नुसती टणटणते. दोन वर्षं तिने खुंट्यांची भोकं साफ केली होती ती या एका रविवारासाठी.

म्हणून तिने कारागिराच्या नातीने करावं तेच केलं. आबा नेहमी म्हणत, "जिथं फट, तिथं सरस." सरस म्हणजे लाकूड जोडायचा डिंक. आसावरीने कोमट सरस अंगठ्यावर थापला आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याची चीर आवळतात तसा वरून दोरा गुंडाळला. काम सुबक झालं होतं. अंगठ्याऐवजी भोपळा असता तर त्याच्यावर तारही चढवता आली असती. पण दोऱ्याच्या खालून लाल थेंब पुन्हा हळूच बाहेर आला.

"बिघडलाय मेला," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "डॉक्टर मॅडमना फोन करते. घेऊन जा म्हणावं."

"नको ना आई!" हा गांधार. "हवालदार गेला तर तुम्ही मला दारातसुद्धा बसू देणार नाही!"

टाकीआड आसावरीने अंगठा आणखी घट्ट आवळला. पण आता अंगठ्यापेक्षा जास्त दुखायला लागलं होतं ते दुसरंच काहीतरी.

डॉक्टर शिरीन मुजावर संध्याकाळी आपल्या विजेच्या स्कूटरवरून आल्या. गांधारला जन्मल्यापासून त्याच बघत होत्या. त्यांनी चहा घेतला, हवालदाराला पाटावर बसवलं आणि त्याचं नाक उघडून तपासलं.

"नाक ठणठणीत आहे. तो खोटं बोलत नाहीये, वहिनी. रक्त होतं."

"अहो पण गांधारच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही!"

"ते त्याला काय माहीत? त्याला तुम्ही एकच नाव शिकवलंय. रक्त दिसलं की गांधार. तुम्हालाही तसंच वाटतं, म्हणून तुम्हीही गांधारकडेच धावता." डॉक्टर हवालदाराकडे वळल्या. "हवालदार, नाव विसर. नुसता वास घे आणि जा."

हवालदार निघाला. गांधारजवळून गेला, थांबला नाही. आईला वळसा घातला. आबांच्या पायाशी जरा घोटाळला, पण तिथे नुसता पॉलिशचा वास होता. मग तो सरळ आसावरीसमोर येऊन उभा राहिला. शिट्टी न फुंकता, जवळजवळ भीत भीत म्हणाला, "अनोळखी रक्त. थांबत नाही."

"काहीतरीच काय!" आबा म्हणाले. "ती लोखंडी..."

आसावरीने मूठ उघडली.

आबांनी चष्मा लावून अंगठा जवळून पाहिला. "गुंडाळी चांगली केलीय," ते सवयीने म्हणून गेले, आणि मग एकदम खाली बसले. "अगं पोरी, हा सरस लाकडाचा गं!"

"जिथं फट तिथं सरस, तुम्हीच म्हणता," आसावरी पुटपुटली आणि तिला रडू फुटलं. "माझी पटाशी काढून घेऊ नका."

सगळ्यांत आधी हलला तो गांधार. कुणी सांगायच्या आत त्याने फ्रीजमधून बर्फाची पिशवी आणली, कपाटातून स्वच्छ कापड काढलं आणि ते बहिणीसमोर धरलं. डॉक्टरांनी कोमट पाण्याने सरस धुतला, अंगठ्यावर कापड दाबून धरलं आणि हात उंच करायला सांगितला. मग हवालदाराच्या पोटातल्या छोट्या कप्प्यात आसावरीच्या रक्ताचे काही थेंब घातले. हवालदार थोडा वेळ गुरगुरला आणि त्याच्या छातीवर आकडा उमटला: बावीस.

"शंभरपैकी?" आसावरीने घाबरून विचारलं. शाळेत तिला कधी इतके कमी पडले नव्हते.

"शंभरपैकी. पण ही परीक्षा नाही, अभ्यास करून वाढत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चल, कारखान्यात जाऊ. तिथे नीट सांगता येईल. गांधार, तूही चल."

"मला मनाई आहे," गांधार म्हणाला.

"आज मी आहे ना."

गांधार उंबरा ओलांडून आत आला. पहिल्यांदाच. देवळात येतात तसा, हात पाठीमागे बांधून.

"जखम झाली की शरीर काय करतं?" डॉक्टरांनी बाकावरची तंबोऱ्याची एक सुटी दांडी उचलली. "आधी फुटलेली रक्तवाहिनी आकसते. मग प्लेटलेट (रक्तातल्या बारीक चकत्या) धावत येतात आणि भोकावर गर्दी करतात. हा झाला बोळा. पण नुसता बोळा टिकत नाही. त्याला सरस लागतो."

आसावरीने दचकून वर पाहिलं.

"हो. तू सरस लावलास, कल्पना चुकीची नव्हती. सरस चुकीचा होता. शरीराचा सरस म्हणजे फायब्रिन (बोळ्याला घट्ट विणून टाकणारे चिवट धागे). तो तयार मिळत नाही, ऐन वेळी बनवावा लागतो. ते काम करणारी एक टोळी रक्तात फिरत असते. त्यांना फॅक्टर (रक्त गोठवणारे पदार्थ) म्हणतात. नावं नाहीत, नुसते नंबर. पहिला, दुसरा, असं तेराव्यापर्यंत. त्यात सहावा नाही."

"सहावा कुठं गेला?" गांधारने विचारलं.

"कुठे नाही. तो नव्हताच. शास्त्रज्ञांनी चुकून मोजला होता."

"मोजणीत असं होतं," आबा गंभीरपणे म्हणाले. "आमच्या मंडळातही एक सभासद असाच होता."

"एकाने दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. जागे होणारे दर पायरीला वाढत जातात आणि शेवटी भरपूर सरस तयार होतो. आता यातला नववा गडी दहाव्याला जागं करतो. समजा, नववा म्हणजे हातोडी आणि दहावा म्हणजे ही खुंटी. आसावरी, उजव्या हाताने खुंटी ठोक बघू या दांडीत."

आसावरीने ठोकली. दांडी बाकावरून सरकली. पुन्हा ठोकली, दांडी गोल फिरली. खुंटी जागची हलली नाही, हलली ती फक्त दांडी.

"बसत नाही," ती म्हणाली. "कुणीतरी धरायला हवी."

"गांधार, धर."

गांधारने आबांकडे पाहिलं. आबांनी मान डोलावली. त्याने दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आसावरीने एकच ठोका दिला आणि खुंटी आत गेली.

"हा आठवा," डॉक्टर म्हणाल्या. "फॅक्टर आठ. तो स्वतः ठोकत नाही. तो नवव्या-दहाव्याला एकमेकांसमोर धरून ठेवतो, इतकंच. पण तो धरतो म्हणून काम लाखो पटींनी लवकर होतं. गांधारच्या शरीरात आठवा जवळजवळ नाहीच. बाकी टोळी हजर आहे, हुशार आहे, पण ठोका दिला की दांडी सरकते."

"म्हणजे माझं रक्त पाण्यासारखं नाही," गांधार हळूच म्हणाला. "शाळेत सगळे म्हणतात, तुझं रक्त पातळ आहे."

"अजिबात पातळ नाही. आणि रक्त जोरातही वाहत नाही. ते थांबायला उशीर करतं, बस. महिन्याला आम्ही तुला सुई टोचतो, त्यात बदली गडी असतो. तो खरा आठवा नव्हे, पण दांडी धरण्यापुरतं त्याला येतं."

आसावरीच्या मनातला प्रश्न आता ओठांवर आला. "पण हिमोफिलिया मुलींना होत नाही. सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणतात," डॉक्टरांनी मान हलवली. "आबा, तुमचे फर्मे कुठे आहेत?"

आबांनी भिंतीवरचे पुठ्ठ्याचे फर्मे (लाकूड कापायचे नमुने) काढून दिले.

"शरीरातल्या प्रत्येक पेशीत असे फर्मे असतात. आठवा गडी कसा घडवायचा, त्याचा फर्मा एक्स नावाच्या गुणसूत्रावर (पेशीतल्या नमुन्यांच्या गुंडाळीवर) असतो. मुलाकडे एक्स एकच, आईकडून आलेला. त्याच्यावरचा फर्मा चुकीचा निघाला की संपलं, दुसरा नाही. मुलीकडे एक्स दोन. एक आईचा, एक बाबांचा. म्हणून लोक समजतात, मुलीचं भागतं."

"भागतं की," आबा म्हणाले. "एक खराब, एक चांगला."

"पण कुठलीही पेशी दोन्ही फर्मे वापरत नाही. बाळ अगदी ठिपक्याएवढं असतानाच पेशी एक फर्मा उघडा ठेवते आणि दुसरा घडी घालून ठेवून देते. कुठला, ते नशिबावर. आबा, तुमच्याकडे खूप कारागीर असते आणि प्रत्येकाने डोळे मिटून दोनपैकी एक फर्मा उचलला असता तर?"

आबांनी विचार केला. "निम्म्यांनी चांगला उचलला असता, निम्म्यांनी वाईट. साधारण."

"साधारण! पण कधी जास्त जणांच्या हाती वाईट फर्मा लागतो. आठवा घडतो यकृतात, आणि आसावरीच्या तिथल्या पेशींचं तसंच झालंय. तिच्याकडे आठवा आहे, पण कमी. बहुतेक लोकांकडे पन्नासच्या वर असतो, हिच्याकडे बावीस. रोज काही जाणवत नाही. पण पटाशी लागली, मोठं ऑपरेशन झालं, किंवा दाढ काढली..."

"शनिवारी तिची दाढ काढायची ठरलीय!" आई एकदम म्हणाली.

"मग हवालदाराला आता दोन नावं शिकवा आणि एक थालीपीठही द्या. दाढ काढू, पण आधी औषध देऊन, मी तिथं असताना."

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली होती. तिथूनच ती म्हणाली, "म्हणजे दोघांनाही माझ्याकडूनच आलं."

"तुमच्याकडे दोन फर्मे होते, वहिनी. कुठला द्यायचा, हे आईला कुणी विचारत नाही. गांधारच्या बाळंतपणात तुम्हाला रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या होत्या ना? तेव्हा सगळे काय म्हणाले?"

"अशक्तपणा म्हणाले."

"तुमचाही आकडा बघू. इतकी वर्षं सगळ्या घराला टोपडी शिवलीत, स्वतःला कधी तपासलं नाहीत."

आईने पदराने डोळे पुसले आणि हवालदारापुढे बोट धरलं. हवालदार गुरगुरला. अडतीस.

"आईला माझ्यापेक्षा जास्त!" आसावरी नकळत म्हणाली, आणि इतक्या वेळात आई पहिल्यांदा हसली.

"हे कधी कायमचं बरं होईल का?" गांधारने विचारलं. तो हे दर भेटीत विचारी. डॉक्टर दर वेळी खरं तेच सांगत.

"मोठ्या माणसांच्या यकृतात नीट फर्मा पोचवायचं काम शास्त्रज्ञ करतायत. काहींना त्याचा उपयोग झालाय. सगळ्यांना होत नाही, आणि तो किती वर्षं टिकतो तेही अजून बघतायत. मुलांसाठी थांबावं लागेल. पण आबा लहान होते तेव्हा अशा मुलांना सरळ अंथरुणात बसवून ठेवत. आता तू शाळेत जातोस, पोहतोस आणि मला प्रश्न विचारून बेजार करतोस. फर्माही येईल."

शेवटी सगळे आबांकडे बघू लागले, कारण आबांच्या हातात आसावरीची पटाशी होती. आबांनी पटाशी फिरवून फिरवून पाहिली. मग घरात जाऊन टेबलाच्या कोपऱ्याचं टोपडं ओढून आणलं आणि पटाशीच्या धारेवर चढवलं.

"काम झालं की टोपडं," ते म्हणाले. "काम चालू असताना डाव्या हातात चामड्याचा मोजा. आणि लागलं की लगेच सांगायचं, सरस शोधत बसायचं नाही. जवारी रविवारीच." मग त्यांनी दाराकडे परत निघालेल्या गांधारला हाक मारली. "तू कुठं चाललास? लाकूड कोण धरणार? डॉक्टरीणबाई, चालेल ना?"

"पळेल! धरल्याने हाताचे स्नायू बळकट होतील, ते सांध्यांना सांभाळतील. फक्त पटाशी इतक्यात नको."

"पटाशी नकोच," गांधार म्हणाला. "मी आठवा आहे."

दाढ शनिवारी निघाली. औषध आधीच दिलं होतं, त्यामुळे हवालदाराला काहीच काम उरलं नाही आणि तो दवाखान्यात उगाच खुर्च्या हुंगत फिरला. रविवारी आसावरी बाकाशी बसली, समोर गांधार घोडी धरून. घासण्याआधी तारेसाठी घोडीवर पहिली खोबण काढताना पटाशी लागायची ती लागलीच. या वेळी मनगटापाशी, मोजा संपतो तिथे.

"आई, लागलं गं!" आसावरी मोठ्याने ओरडली. जन्मात पहिल्यांदा.

आई धावली, आबा उठले, आणि दोघेही सवयीने गांधारपाशी जाऊन त्याची कोपरं तपासू लागले.

"मी नाही, ती!" गांधारने त्यांना हाताने बाजूला सारलं. तोवर त्याने बाकाजवळ तयार ठेवलेली बर्फाची पिशवी बहिणीच्या मनगटावर ठेवलीही होती. "दाब. आणखी जोरात. आणि सारखं उचलून बघू नकोस, नवीन लोक हीच चूक करतात."

"तुला फार कळतं!"

"या धंद्यात मी तुझ्यापेक्षा जुना आहे," गांधार म्हणाला.

मग चाकांचा आवाज करत हवालदार आला, उंबऱ्याला अडखळला आणि शिट्टी तोंडाशी धरून थबकला. "आसावरी..." त्याने सुरुवात केली.

"माहीत आहे," सगळे एकदम म्हणाले.

हवालदाराने शिट्टी खाली ठेवली. आसावरी मनगट दाबून बसली, गांधारने घोडी पुन्हा हातात धरली, आणि रक्त थांबायची वाट बघत आबांनी शेजारच्या तंबोऱ्याची तार छेडली. ती बराच वेळ गुणगुणत राहिली.